मुसांगूच्या झाडाखाली साडेतीन तास : एका कौटुंबिक सफारी कॅम्पमधील निर्णयाचे प्रकरण

झांबियाच्या पूर्व भागात, लुआंग्वा नदीच्या काठी, एका कुटुंबाने चालवलेल्या लहान सफारी कॅम्पवर आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चार रात्री राहिलो. तिसऱ्या रात्री जेवण आटोपल्यानंतर जवळजवळ साडेतीन तास कोणालाही आपल्या खोलीकडे जाता आले नाही, कारण वाटेवर हत्ती उभे होते. घटना एवढीच आहे. कोणाला इजा झाली नाही, काही मोडले नाही आणि मध्यरात्र उलटल्यावर सगळे सुखरूप झोपायला गेले. मात्र मी हॉटेल व्यवस्थापन शिकवतो, आणि पाहुण्याची अडचण झाली की ती ताबडतोब दूर करायची, हे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. त्या रात्री यजमानांनी अडचण दूर करण्याचे साफ नाकारले, ते योग्य ठरले, आणि अडकलेल्यांमध्ये मधुमेहाने आजारी असलेल्या माझ्या सासूबाई होत्या. म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवून ठेवावेसे वाटले. कॅम्पचे व माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

जागा समजल्याशिवाय निर्णय समजणार नाही. लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी असून तिच्या मधल्या पट्ट्यात धरण नाही. पावसाळ्यात ती पात्र सोडून पसरते, काठ खाते, दरवर्षी थोडीथोडी सरकते आणि मागे जुनी वळणे सोडून जाते, ज्यांत पाणी साचून तळी तयार होतात. नदीच्या पश्चिमेकडचे दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचे आहे. १९३८ साली ते राखीव क्षेत्र झाले आणि १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. काळ्या चिकण मातीमुळे डिसेंबर ते एप्रिल या काळात आतले बहुतेक रस्ते गाडीसाठी बंदच असतात. त्यामुळे आतल्या भागातील छोटे कॅम्प दरवर्षी मे महिन्यात गवत, बांबू आणि लाकडी खांब वापरून नव्याने उभारले जातात आणि पहिला पाऊस पडण्याआधी उतरवले जातात. आमच्या यजमानांचा कॅम्प असाच होता. कुडाच्या भिंती आणि गवताने शाकारलेली छपरे असलेल्या चार खोल्या, मध्ये जेवणाची उघडी मांडवी, मागे स्वयंपाकघर आणि त्याही मागे कामगारांची वस्ती. चारही खोल्या भरल्या तरी आठच पाहुणे. वर्षातले जेमतेम पाच महिने कमाईचे. उरलेल्या सात महिन्यांत गाड्यांची दुरुस्ती, सरकारी पट्ट्याचे शुल्क आणि पुढच्या हंगामाची उधारी. चौघांच्या चार रात्रींचे आमचे बिल एका लहान मोटारीच्या किमतीजवळ गेले तेव्हा माझ्या मेहुण्याने जो चेहरा केला, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. पण ते त्याला तेव्हा कोणी समजावले नव्हते, आणि हे पुढे महत्त्वाचे ठरले.

या खोऱ्यातील पर्यटनाची रीत इतर ठिकाणांहून थोडी वेगळी आहे. १९५० साली, हा देश उत्तर ऱ्होडेशिया या नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, वन्यजीव खात्यातील अधिकारी नॉर्मन कार यांनी कुंदा समाजाचे प्रमुख न्सेफू यांना त्यांच्या जमातीची काही जमीन वन्यप्राण्यांसाठी राखायला आणि तिथे पाहुण्यांसाठी मुक्काम उभारायला राजी केले. मिळालेले पैसे त्या समाजाकडे जात. शिकारीऐवजी प्राणी पाहायला आलेल्या माणसांकडून गावाला उत्पन्न मिळू शकते, ही कल्पना त्या काळी बऱ्याच जणांना हास्यास्पद वाटली असणार. कार यांनीच पुढे इथे पायी सफारीची प्रथा रुजवली. आजही लुआंग्वातल्या पायी सफारीत रांगेच्या पुढे सरकारी वन्यजीव खात्याचा बंदूकधारी स्काउट असतो, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे एकामागे एक आणि सर्वांत शेवटी चहाची पिशवी घेतलेला माणूस. स्काउटने हात वर केला की सर्वांनी थांबायचे, आणि का थांबायचे हे नंतर विचारायचे. पहिल्या दोन सकाळी आम्ही हे नियम पाळले आणि त्यात कोणालाही काही अपमानास्पद वाटले नाही. रात्री जेवणाच्या टेबलाशी हाच नियम लागू झाला तेव्हा मात्र वाटले.

आता झाडाविषयी. ज्या झाडांच्या सावलीत हा कॅम्प होता त्यांना तिकडे मुसांगू म्हणतात. शास्त्रीय नाव फायडर्बिया अल्बिडा. पूर्वी त्याची गणना बाभळीच्याच गोतात होत असे आणि पाहणाऱ्यालाही ते मोठ्या बाभळीसारखेच वाटते. या झाडाचा स्वभाव उलटा आहे. पावसाळ्यात बाकीची झाडे हिरवी होतात तेव्हा ते पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत, सगळे रान उघडेबोडके झालेले असताना, ते पानांनी भरलेले असते. पिकाच्या दिवसांत सावली पडत नाही आणि जमिनीला नत्र मिळते, म्हणून झांबियात मक्याच्या शेतात ते मुद्दाम राखले जाते. ऑक्टोबरमध्ये खोऱ्यातील पारा चाळीस अंशांकडे सरकतो तेव्हा नदीकाठी दाट सावली देणाऱ्या मोजक्या झाडांत हे एक. साहजिकच माणूस तंबू ठोकायला याच झाडाखाली येतो. पण नेमक्या याच काळात त्याच्या नारिंगी, कुरळ्या शेंगा पिकून खाली पडतात, आणि बाभळीच्या शेंगांवर आपल्याकडच्या शेळ्या तुटून पडतात तसे या शेंगांवर हत्ती येतात. शेंगा पुरेशा पडल्या नसतील तर खोडाला कपाळ लावून झाड हलवतात. म्हणजे कॅम्पमध्ये हत्ती येणे हा तिथे अपघात नव्हताच. माणसाने ज्या कारणासाठी ती जागा निवडली होती, त्याच झाडामुळे हत्तीही तिथे येत होते, आणि हत्तींचा हक्क जुना होता.

यजमान सुमारे साठीचे. त्यांचे वडील याच खोऱ्यात वन खात्यात होते. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघर, साठा, हिशेब आणि कामगार सांभाळत. चोवीस वर्षांची मुलगी गाईडची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या हंगामात पहिल्यांदा स्वतंत्रपणे पाहुण्यांना नेऊ लागली होती. कॅम्पवरचे रात्रीचे राखणदार, ज्यांना सगळे आदराने ‘बाम्बो’ म्हणत, ते मुलीच्या जन्माआधीपासून या कुटुंबाकडे होते. आम्ही पोचलो त्या पहिल्याच तासात यजमानीणबाईंनी आम्हाला बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या. अंधार पडल्यावर राखणदार न्यायला आल्याशिवाय खोलीबाहेर पडायचे नाही. खोलीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. काही झाले तर शिट्टी वाजवायची. आणि आम्ही ‘थांबा’ म्हटले तर थांबायचे. मग एक कागद सह्यांसाठी पुढे आला. आम्ही तो वाचून सही केली, म्हणजे खरे तर सही केली.

जेवणाची माहिती मात्र त्यांनी आधीच, ईमेलवर, फार बारकाईने विचारली होती. सासूबाई शाकाहारी आहेत, कांदा-लसूण चालतो, मधुमेह आहे, एवढे कळवल्यावर बाईंनी तीन वेळा उलट पत्र लिहून काय चालेल याची यादी पक्की केली होती. तिथे गेल्यावर पहिल्याच रात्री मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसारखी न्शिमा आणि भोपळ्याच्या कोवळ्या पानांची शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी ताटात आली, तेव्हा सासूबाईंनी ती ओळखीच्या नजरेने पाहिली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. इन्सुलिनचे पेन उन्हात खराब होईल म्हणून ते स्वयंपाकघरातील गॅसच्या फ्रीजमध्ये ठेवायचे, हेही बाईंनीच सुचवले. पेनच्या सुया कुठे आहेत, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. सुया खोलीतल्या पिशवीत होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडीतली फेरी आटोपून आम्ही आठच्या सुमारास परतलो. जेवण सुरू झाले तेव्हा यजमान, त्यांच्या पत्नी, मुलगी, आम्ही चौघे आणि एक वयस्क जोडपे असे नऊजण एकाच लांब टेबलाशी बसलो होतो. कौटुंबिक कॅम्पची ही पद्धत आहे. यजमान वेगळे जेवत नाहीत. पावणेनऊच्या बेताला बाम्बो आत आले आणि यजमानांच्या कानाशी काही बोलले. यजमानांनी सर्वांना आवाज कमी करायला सांगितले आणि मांडवीतला दिवा मंद केला. मग आम्हालाही ऐकू आले. पानगळीवर काहीतरी जड पण विलक्षण सावकाश चालत होते, आणि मध्ये मध्ये शेंगा चावल्याचा कुडकुड आवाज येत होता.

सुमारे चाळीस पावलांवर, खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, एक हत्तीण पिल्लासह उभी होती. तिला सुळे नव्हते. आपल्याला हे विशेष वाटणार नाही, कारण भारतातल्या हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे नसतातच. पण आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही ते असतात. १९७० आणि १९८० च्या दशकांत या खोऱ्यात हस्तिदंतासाठी हत्तींची बेसुमार कत्तल झाली आणि जन्मतःच सुळे नसलेल्या माद्या त्यातून अधिक प्रमाणात वाचल्या. दक्षिण लुआंग्वातील बिनसुळ्यांच्या माद्यांचे प्रमाण १९६९ मध्ये सुमारे १० टक्के होते, ते १९८९ पर्यंत ३८ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. अशा हत्तिणी अधिक तापट असतात, असे तिथले गाईड मानतात. हे खरे की केवळ समज, यावर मला मत देता येणार नाही, पण त्या टेबलाशी बसलेल्या तिन्ही यजमानांनी तिला पाहताच आवाज आणखी खाली आणला, हे मी पाहिले.

पहिला अर्धा तास कौतुकात गेला. त्यानंतर माझ्या मेहुण्याने घड्याळ पाहिले. सव्वानऊ, साडेनऊ. सासूबाईंचे रात्रीचे इन्सुलिन दहा वाजता असते. पत्नीने उठून फ्रीजमधून पेन आणून देण्याची विनंती केली, पेन आले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की सुया खोलीत आहेत.

इथून पुढचे बोलणे मी शक्य तितके क्रमाने देतो, कारण प्रकरणाचा गाभा त्यात आहे. यजमानांनी पत्नीला पहिला प्रश्न विचारला तो असा : इंजेक्शनला किती उशीर झाला तर चालेल, आणि हे कोणी सांगितले आहे? हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन असून चार तासांपर्यंत उशीर झाला तरी घाबरू नये, असे सासूबाईंच्या पुण्यातील डॉक्टरांनी प्रवासाला निघताना स्पष्ट सांगितले होते. पत्नीने तसे सांगितले. म्हणजे रात्री दोनपर्यंत. यजमानांनी दुसरा प्रश्न विचारला : आत्ता त्यांना काही त्रास होतो आहे का? होत नव्हता. तेव्हा ते म्हणाले की एक वाजेपर्यंत आपण बसू, आणि एक वाजता हत्ती इथेच असतील तर मी काहीतरी करीन.

मेहुण्याला हे पटले नाही. तो मला बाजूला घेऊन मराठीत, पण सर्वांना सूर कळेल अशा आवाजात म्हणाला, “दाजी, इतके पैसे मोजून आलो आणि आईला औषधासाठी ताटकळत बसायचं? गाडी आहे, बंदूक आहे, माणसं आहेत. दोन डबे वाजवले तर जाईल ती.” त्याची बाजू मी हलकी मानत नाही. ज्याची आई समोर बसली आहे त्याने असे म्हणणे स्वाभाविक आहे, आणि व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर सेवा देणाऱ्याकडे साधने असताना ती न वापरणे हे ग्राहकाला दुर्लक्षच वाटते. मी त्याचे म्हणणे थोडे सौम्य करून यजमानांपुढे ठेवले.

गंमत अशी की त्यांची मुलगीही बऱ्याच अंशी मेहुण्याच्या बाजूची होती. डबे वाजवणे तिला मान्य नव्हते, पण गाडी नदीच्या बाजूने वळवून खोल्यांच्या मागे न्यावी आणि तिथून सुया आणाव्यात, असे तिने सुचवले. वडिलांनी उत्तर देण्याऐवजी बाम्बोंना बोलावले आणि न्यांजा भाषेत विचारले. बाम्बोंनी सांगितलेले यजमानांनी आम्हाला इंग्रजीत सांगितले : हत्ती दोन नाहीत, पाच आहेत. दोन वाटेवर, एक दुसऱ्या खोलीच्या मागे, आणि उरलेले दोन त्यांनी पाहिले होते, पण आता ते कुठे आहेत हे त्यांना ठाऊक नाही. मुलगी गप्प झाली. नदीकडची वाट दुसऱ्या खोलीच्या मागूनच जाते.

त्यानंतर यजमानांनी आपले कारण सांगितले, आणि ते भाषण नव्हते. तुकड्यातुकड्यांनी, मध्ये कान देत, थांबत सांगितलेले होते. गाडी नेली तर अंधारात आई आणि पिल्लू यांच्या मध्ये ती जाण्याचा धोका आहे. हवेत गोळी झाडली तर पाच हत्ती पाच दिशांना धावतील, आणि कुडाच्या भिंतीला त्यातली कोणतीही दिशा सारखीच. समजा, ते आज आवाजाला घाबरून गेले, तरी शेंगा संपेपर्यंत रोज येणारच आहेत. मग रोज हाकलावे लागेल, आणि रोज हाकललेला हत्ती काही दिवसांनी आवाजाला घाबरत नाही, माणसाला मात्र शत्रू समजू लागतो. त्याच वाटेवरून आमचे कामगार पहाटे चार वाजता चूल पेटवायला जातात, असे ते म्हणाले. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. आम्ही चार रात्रींचे पाहुणे होतो. त्या वाटेचा हिशेब सबंध हंगामाचा होता.

माझ्या सासूबाई आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या मूळच्या दोडामार्ग तालुक्यातल्या. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरू लागले, त्यानंतर तिलारी खोऱ्यातील माड, केळी आणि भातशेती यांची कशी वाताहत झाली ते त्यांच्या माहेरच्यांनी भोगले आहे. फटाके, मशाली, डबे हे सगळे तिथे वर्षानुवर्षे करून झाले आहे. काय चालले आहे असे त्यांनी विचारल्यावर पत्नीने थोडक्यात सांगितले, तेव्हा त्या मुलाकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “तेका खाव दे. पोट भरला की आपणच जातलो.” (त्याला खाऊ दे, पोट भरले की तो आपणहून जाईल.) यजमानांनी अर्थ विचारला. पत्नीने भाषांतर केल्यावर त्यांनी मान झुकवून सासूबाईंना नमस्कारासारखे काहीतरी केले. मला इथे भावुक व्हायचे नाही. माझ्या सासूबाईंच्या भावाला हत्तीने केलेल्या नुकसानीचा राग आजही आहे, आणि शेंगांच्या झाडाखाली पैसे देऊन बसलेला पाहुणा व स्वतःच्या बागेत उभा असलेला शेतकरी यांची तुलना मुळीच करता येत नाही. पण हाकलण्याच्या उपायाची मर्यादा टेबलाशी बसलेल्यांपैकी सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक होती, आणि त्यांच्या बोलण्याने मेहुण्याचा आवाज उतरला, हे नोंदवलेच पाहिजे.

अंतिम शब्द मात्र यजमानीणबाईंचा होता. ही गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून जवळजवळ सुटली. चर्चा सुरू असताना त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, परत येऊन नवऱ्याला म्हणाल्या की कोणीही टेबल सोडणार नाही, आणि मग कॉफी, सासूबाईंसाठी साखरेविना चहा व थोडे भाजलेले शेंगदाणे आणवले. कामगारांनाही त्यांनी वस्तीकडे जाऊ न देता स्वयंपाकघरातच बसवले होते. प्राण्यांविषयीचा निर्णय नवऱ्याचा, पण माणसांना एका जागी धरून ठेवण्याचा निर्णय बायकोचा, अशी ती वाटणी असावी. मोठ्या लॉजमध्ये हे दोन निर्णय दोन खात्यांकडे असतात आणि त्यांच्यामध्ये एक फोन असतो. इथे मध्ये टेबलाची लांबी होती.

आणखी एक गोष्ट सुमारे अकरा वाजता मला उमगली, आणि माझ्या दृष्टीने तीच या प्रकरणाची किल्ली आहे. यजमानांची स्वतःची झोपडीही हत्तिणीच्या पलीकडे होती. पहाटे पाचला उठून त्यांना दुसऱ्या जोडप्याला पायी न्यायचे होते. म्हणजे आम्हाला ‘थांबा’ म्हणणारा माणूस स्वतः आमच्याइतकाच अडकलेला होता, आणि बसल्या जागी जांभया देत होता. पाहुण्यावर बंधन घालण्याचा अधिकार त्या सही केलेल्या कागदातून येतो असे मी समजत होतो. मेहुणा साडेनऊला उठून गेला नाही, तो कागदामुळे नव्हे. आपल्याला थांबवणारा आपल्याच बाकावर बसला आहे, हे त्याला दिसत होते म्हणून. व्यवस्थापकाने आपल्या कार्यालयातून हाच निरोप पाठवला असता, तर आमच्यापैकी कोणीतरी निघाले असते, अशी माझी खात्री आहे. कदाचित मीच.

बारा वाजून दहा मिनिटांनी हत्तीण वळली. पिल्लू तिच्या पोटाखालून पुढे झाले आणि दोघे नदीकडे उतरले. बाम्बो लगेच आत आले नाहीत. ते आणखी दहा मिनिटे बाहेर उभे राहिले, मग दुसऱ्या खोलीच्या मागे एक फेरी मारून आले आणि म्हणाले की पाचही गेले. आम्ही एका रांगेत, पुढे बाम्बो, मागे यजमान, असे खोल्यांपर्यंत गेलो. साडेबारा वाजता इंजेक्शन झाले. सासूबाईंची साखर सकाळी नेहमीपेक्षा थोडी वर होती, त्याचे श्रेय मी शेंगदाण्यांनाही देतो.

सकाळी मी यजमानांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, एक वाजता काय केले असते? त्यांनी मला गाडीपर्यंत नेले आणि नदीकडची वाट दाखवली. काठाला भेग पडली होती. मुलीने सुचवलेल्या वाटेने रात्री गाडी न्यायची त्यांची तयारी नव्हतीच, हत्ती असोत वा नसोत. आणि ती भेग मुलीने पाहिलेली नव्हती, कारण ती आदल्याच दिवशी दुपारी पडली होती. त्यांचा बेत कोरड्या पडलेल्या जुन्या तळ्यातून वळसा घालण्याचा होता, ज्याला चाळीस मिनिटे लागतात. आमची मर्यादा दोनची होती, म्हणून त्यांनी एक म्हटले. त्याच वेळी बाईंनी रेडिओवरून म्फुवेजवळच्या शेजारच्या कॅम्पला कळवून ठेवले होते, की गरज पडली तर डॉक्टरांना उठवावे लागेल. आम्हाला यातले काहीच सांगितले नव्हते. का नाही सांगितले, हे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की दुसरा मार्ग आहे असे कळले की माणसे पहिल्यावर बसून राहत नाहीत. मला हे पटलेही आणि पटलेही नाही. मेहुण्याला वळशाचा बेत माहीत असता तर त्याचा निम्मा राग तिथेच संपला असता. पण उरलेल्या निम्म्याने त्याने ‘मग आत्ताच का नाही’ असे विचारले असते, हेही खरे.

दुसरा प्रश्न असा होता, की वाटेवरच्या शेंगा रोज झाडून दूर का टाकत नाहीत? वाटा तर ते रोज संध्याकाळी झाडतातच, कारण झाडलेल्या धुळीवर रात्रीचे ठसे सकाळी वाचता येतात. त्यांनी सांगितले की काही हंगामांपूर्वी शेंगा गोळा करून दूर ढीग घातला होता. हत्तींनी ढीग खाल्ला आणि मग येऊन झाडे हलवली. शिवाय ढीग घालणे म्हणजे खायला घालणेच, आणि ते त्यांना करायचे नव्हते. खोल्या झाडांपासून दूर बांधणे हा एकमेव खरा उपाय आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघड्यावरच्या कुडाच्या खोलीसाठी कोणी पैसे देणार नाही.

दोष कोणाकडे होता, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. सुयांचा दोष आमचा होता. पेन आणि सुया एकत्र ठेवणे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते आणि ते कोणीच केले नाही. यजमानांचा दोष एवढाच, की जेवणाविषयी तीन पत्रे लिहिणाऱ्या घराने औषधाविषयी एकच ओळ विचारली होती. बिलाविषयीचा गैरसमज मात्र मी दोघांमध्ये वाटून देईन. पाच महिन्यांत वर्षाची कमाई कशी करावी लागते आणि दर गावच्या वाटेवरच्या हॉटेलासारखे का नसतात, हे आम्हाला कोणी सांगितले असते, तर ‘पैसे मोजून आलो’ हे वाक्य त्या रात्री निदान त्या सुरात उच्चारले गेले नसते. मुलीविषयी माझे मत तिच्या वडिलांपेक्षा वेगळे आहे. तिची सूचना चुकीची होती, पण ती सगळ्यांसमोर मांडली गेली आणि ती का चुकली हेही सगळ्यांसमोर कळले. वडिलांनी थेट ‘नाही’ म्हटले असते तर तिला बाम्बोंचे उत्तर ऐकायला मिळाले नसते.

चौथ्या रात्री हत्ती आले नाहीत. मेहुणा जेवणानंतर दहा वाजेपर्यंत टेबलाशीच बसून राहिला. बाम्बो टॉर्च घेऊन दोनदा विचारून गेले.

मार्च महिन्यात यजमानीणबाईंचे पत्र आले. पुढच्या हंगामाचा माहितीचा अर्ज त्यांनी नव्याने तयार केला होता आणि सासूबाईंनी तो एकदा पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. औषधांच्या भागात आता चार रकाने आहेत : औषध कोणते, किती वाजता, उशीर किती चालेल, आणि ते घेण्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू रात्री कुठे असेल. सासूबाईंनी पाचवा रकाना सुचवला, की हे सगळे घरातल्या आणखी कोणाला माहीत आहे. तो त्यांनी घातला.